खोटी सही आणि चुकलेली सही

मिशिगन राज्याच्या निवडणूक विभागाने 23 मे 2022 रोजी एक अहवाल प्रसिद्ध केला आणि गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या दहा जणांपैकी पाच जणांचा खेळ मतदानाआधीच आटोपला. त्यांत डेट्रॉइट शहराचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, आणि स्वतःच्या खिशातला बक्कळ पैसा ओतून उतरलेले उद्योजक पेरी जॉन्सनही. पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे तिथल्या प्रायमरीत, मतपत्रिकेवर नाव छापून हवे असेल तर राज्यातल्या किमान 15 हजार नोंदणीकृत मतदारांच्या सह्या आणा, अशी तिथल्या कायद्याची अट आहे. क्रेग यांनी 21,305 सह्या दिल्या, टिकल्या 10,192. जॉन्सन यांनी 23,193 दिल्या, टिकल्या 13,800. सह्या गोळा करण्यासाठी पैसे देऊन नेमलेल्यांपैकी 36 माणसांनी मतदारांच्या दारात जाण्याचे कष्टच घेतले नव्हते. त्यांनी मतदारांची नावे आणि सह्या आपल्याच हाताने ठोकल्या होत्या. वेगवेगळ्या पदांच्या दहा उमेदवारांच्या कागदांत मिळून अशा बनावट सह्या किमान 68 हजार असल्याचे विभागाने म्हटले.

ही बातमी तेव्हा अमेरिकेत एक फसवणुकीचे प्रकरण म्हणून वाचली गेली, आणि फसवणूक होतीच; पुढच्या वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरल डेना नेसेल यांनी तीन जणांवर गुन्हेही दाखल केले. पण चोर कोण, एवढ्यावर हे प्रकरण मिटत नाही. उमेदवाराने आणलेली सही खरी की खोटी हे कोणी तपासायचे, कधी तपासायचे आणि कोणत्या दोषासाठी ती बाद करायची, या तीन प्रश्नांची उत्तरे अमेरिकेतल्या प्रत्येक राज्याने आपापल्या मर्जीने दिलेली आहेत. माझे म्हणणे असे की राज्य जर सह्यांची अट घालत असेल तर त्या तपासण्याची जबाबदारीही राज्याचीच आहे. ती प्रतिस्पर्ध्यावर सोडता येत नाही. ही तपासणी अर्जाच्या अखेरच्या तारखेनंतर न होता आधीपासून चालू असावी. आणि खोटी सही आणि चुकलेली सही हे दोन वेगळे दोष आहेत, त्यांना एकच शिक्षा देणे अन्यायाचे आहे.

सह्यांची अट मुळात आली कशी, ते आधी पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात अमेरिकेत सरकारी मतपत्रिका नव्हतीच. पक्ष आपापल्या उमेदवारांची यादी छापून वाटत आणि मतदार ती यादी पेटीत टाकत. रंगावरून मत कोणाला गेले हे लांबूनच कळे, आणि मत विकत घेणाऱ्याला पैसे वसूल झाल्याची खात्री करता येई. यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियात सुरू झालेली पद्धत 1888 पासून अमेरिकी राज्यांनी उचलली. मॅसॅच्युसेट्स हे ती राज्यभर लागू करणाऱ्यांत पहिले. मतपत्रिका सरकारने छापायची, सगळ्यांची नावे एकाच कागदावर, आणि मत आडोशाला द्यायचे. मतदान गुप्त झाले, पण एक नवा प्रश्न उभा राहिला. सरकार छापणार, तर कोणाचे नाव छापणार? येईल त्याचे छापले तर मतपत्रिकेची चादर होईल. कोणाचे छापायचे हे सरकारने ठरवले तर लोकशाहीच उरणार नाही. म्हणून ठरले की अमुक इतक्या मतदारांच्या सह्या आणणाऱ्याचे नाव छापायचे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ही अट तत्त्वतः मान्य केली आहे. उमेदवारामागे थोडाफार तरी पाठिंबा आहे असे दिसावे, एवढी अपेक्षा राज्य ठेवू शकते, असा त्या न्यायालयाचा पवित्रा आहे. पण अटीची भिंत होऊ लागली तर तेच न्यायालय आड आले. ओहायो राज्याने नव्या पक्षांकडून आधीच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीतील मतांच्या 15 टक्के इतक्या सह्या मागितल्या, तो कायदा 1968 मध्ये रद्द झाला. जॉर्जियाची 5 टक्क्यांची अट 1971 मध्ये टिकली.

सही म्हणजे इथे मत नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते. सही करणाऱ्याने त्या उमेदवाराला मत देण्याचे वचन दिलेले नसते. हा माणूस रिंगणात असावा, एवढेच तो म्हणतो. म्हणून तपासणाऱ्यालाही एकच मूळ प्रश्न विचारायचा असतो: ज्याचे नाव या ओळीत आहे तो मतदार खरा आहे का, आणि हे त्यानेच लिहिले आहे का? बाकीचे सारे, म्हणजे तारीख कुठे घातली, गावाचे नाव पूर्ण लिहिले का, पत्त्यात घरक्रमांक आहे का, या मूळ प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचण्याच्या पायऱ्या आहेत. कायदे करणाऱ्यांनी आणि विशेषतः कायद्यातल्या पळवाटा शोधणाऱ्यांनी या पायऱ्यांनाच देवळाचा मान देऊन टाकला, आणि तिथून सगळे बिघडत गेले.

मिशिगनमध्ये प्रत्यक्ष तपासणी कशी होते, ते पाहण्यासारखे आहे. सह्यांचे कागद छापील नमुन्याचे असतात. प्रत्येक ओळीत मतदाराची सही, नाव, पत्ता, तारीख. आणि खाली सह्या गोळा करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र की या सह्या माझ्यासमोर झाल्या. कर्मचारी आधी कागद नुसता नजरेखालून घालतात: ओळ पूर्ण आहे का, तारीख बसते का, गोळा करणाऱ्याने आपली सही मतदारांच्या सह्यांनंतर केली आहे का. त्यानंतर शंका आली किंवा आक्षेप आला तर राज्याच्या मतदार नोंदीत साठवलेल्या सहीशी, म्हणजे बहुतेकदा वाहन परवाना काढताना दिलेल्या सहीशी, ती ताडून पाहतात. 2022 मध्ये खटकायला सुरुवात झाली ती पहिल्याच टप्प्यावर. दारोदार हिंडलेला कागद मळतो, दुमडतो, पावसाचा थेंब खातो; हे कागद कोरे करकरीत होते. खऱ्या कागदावर कोणी अर्धवट लिहून सोडून देतो, कोणी खाडाखोड करतो. इथे कित्येक कागदांवर शेवटच्या ओळीपर्यंत सगळे शिस्तीत भरलेले. वेगवेगळ्या माणसांच्या सह्यांत काही अक्षरांचे वळण मात्र एकच. काही कागद पाच-सात जणांनी टेबलाभोवती बसून एकमेकांकडे सरकवत भरले असावेत असे दिसत होते. एका ओळीला एक हात, पुढच्या ओळीला दुसरा, म्हणजे अक्षर बदलते राहावे. या युक्तीला तिथल्या राजकारणात ‘राऊंड-टेबलिंग’ म्हणतात, आणि ज्या उद्योगाला स्वतःचे नाव पडले आहे तो नवा नाही हे उघड आहे. जेव्हा नोंदीशी ताडून पाहिले तेव्हा मरण पावलेले मतदार निघाले, घर सोडून गेलेले निघाले, आणि आपल्याच नावाचे स्पेलिंग चुकवलेले मतदारही निघाले. कुठलीशी जुनी यादी समोर ठेवून काम उरकले होते, हे सांगायला हस्ताक्षरतज्ज्ञाची गरज नव्हती.

आता आकडे पुन्हा पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा कणा त्यांतच आहे. क्रेग यांच्या बाद झालेल्या 11,113 सह्यांपैकी 9,879 या त्या बनावट सह्या करणाऱ्यांच्या कागदांवरच्या होत्या. उरलेल्या 1,234 इतर दोषांमुळे गेल्या. या 1,234 सगळ्या माफ केल्या असत्या तरी क्रेग यांची बेरीज साडेअकरा हजारांच्या आतच राहिली असती. त्यांचा निकाल खोट्या सह्यांनी लावला आणि तो योग्य लागला. जॉन्सन यांचे तसे नाही. त्यांच्या बाद झालेल्या 9,393 पैकी 6,983 बनावट कागदांवरच्या. बाकीच्या 2,410 तारखेच्या, पत्त्याच्या, गावाच्या नावाच्या आणि अशाच इतर कारणांनी गेलेल्या. त्यांना कमी पडल्या 1,200. या 2,410 मधल्या कित्येक कोणत्याही न्यायाने बादच ठरल्या असत्या, हे मान्य. पण निम्म्या जरी खऱ्या मतदाराच्या हातच्या असतील आणि फक्त तारीख चुकल्यामुळे गेल्या असतील, तर जॉन्सन मतपत्रिकेवर राहिले असते. म्हणजे ज्याला आपण ‘बनावट सह्यांमुळे बाद झालेला उमेदवार’ म्हणतो, त्याच्या बाबतीत काठावरचा निर्णय चुकलेल्या सह्यांनीही केला. दोन्ही दोष एकाच रकान्यात बेरजेला गेले, म्हणून हा फरक कोणाच्या डोळ्यांत भरला नाही.

उमेदवारांच्या बाजूने केला गेलेला पहिला युक्तिवाद सहानुभूतीचा होता. त्यांनी सह्या गोळा करण्याचे कंत्राट दिले, पैसे मोजले आणि कंत्राटदाराच्या माणसांनी त्यांनाच फसवले. मग शिक्षा फसलेल्याला का? सह्यांवर निर्णय देणाऱ्या राज्याच्या चार सदस्यांच्या कॅनव्हासर मंडळात दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य असतात. 26 मे रोजी ते 2 विरुद्ध 2 असे अडले, आणि बहुमत नाही म्हणून नावे वगळलेलीच राहिली. पुढे राज्याच्या न्यायालयांनीही उमेदवारांना दाद दिली नाही. मला हा निर्णय कठोर वाटत नाही. सह्यांची अट ही उमेदवाराच्या सचोटीची परीक्षा नाही, त्यामागे मतदार आहेत का याची आहे. ज्याच्यामागे दाखवण्यापुरते 15 हजार मतदार नाहीत त्याचा हेतू शुद्ध असला तरी मतदार तयार होत नाहीत. शिवाय कागद दाखल करण्याआधी ते उघडून पाहण्यापासून उमेदवाराला कोणी अडवले नव्हते. जॉन्सन यांची सारी ख्याती मालाच्या गुणवत्ता-तपासणीचे गुरू अशी, आणि प्रचारही त्याच नावावर चाललेला. नियतीला कधी कधी विनोद करण्याचा मोह आवरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. संशयित 36 जणांच्या कागदांवरची प्रत्येक सही विभागाने मतदार नोंदीशी ताडली नव्हती. सगळ्या उमेदवारांच्या मिळून सुमारे 7 हजार सह्या ताडल्या, आणि त्यांवरून त्या माणसांचे सगळेच कागद बाद केले. एखादी खरी सही त्यांत असेल तर? शितावरून भाताची परीक्षा मतदाराच्या हक्काच्या बाबतीत चालते का? मला वाटते इथे विभागाचे बरोबर होते, आणि त्याचे कारण कागदाच्या तळाशी आहे. सही करणारा आणि तपासणारा यांच्यामध्ये विश्वासाचा एकच धागा असतो, तो म्हणजे गोळा करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र. ‘हे माझ्यासमोर झाले’ हे वाक्य खोटे ठरले की त्या कागदावरचे सगळेच निराधार होते. अशा कागदावर प्रामाणिक सही असेलही, पण ती प्रामाणिक आहे असे सांगणारा साक्षीदार उरलेला नसतो. म्हणून खोटेपणाचा दंड कागदाला, किंबहुना माणसाला लावावा. आणि चुकीचा दंड मात्र फक्त त्या ओळीला लावावा, तोही त्या मतदाराला विचारल्यानंतर.

आता राज्याने स्वतः तपासायचेच नाही असे ठरवले तर काय होते, ते पाहण्यासाठी इलिनॉयला जावे. तिथला नियम असा की कागद वरवर नियमात बसत असतील तर ते वैध. कोणी ठराविक मुदतीत लेखी आक्षेप घेतला तरच ओळीओळीने तपासणी. म्हणजे तपासनीस कोण, तर प्रतिस्पर्धी. याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण 1996 चे आहे. शिकागोच्या दक्षिण भागातून राज्याच्या सिनेटसाठी उभ्या राहिलेल्या एका तरुण वकिलाने आपल्या पक्षातल्या चारही प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांना आव्हान दिले. त्यांत त्या जागेवर आधी निवडून आलेल्या ॲलिस पामरही होत्या. त्या काँग्रेसच्या, म्हणजे संघीय संसदेच्या, निवडणुकीत हरून पुन्हा जुन्या जागेकडे वळल्या होत्या आणि सह्या घाईघाईने गोळा झाल्या होत्या. अट 757 सह्यांची, त्यांनी दिल्या 1,580. तपासणीत काय काय बाद झाले? कोणी सही करण्याऐवजी नाव सुट्या अक्षरांत लिहिले म्हणून. नाव नोंदवल्यानंतर लग्न झालेल्या बाईने सासरच्या नावाने सही केली म्हणून. चौघेही बाद झाले, आणि तो वकील पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत बिनविरोध जिंकला. त्याचे नाव बराक ओबामा.

त्यात ओबामांनी कायदा मोडला नव्हता. पुढे त्यांनी त्याचे समर्थनही केले, आणि ते समर्थन या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद आहे: ज्याला साधी सह्यांची मोहीम नीट चालवता येत नाही तो लोकप्रतिनिधी म्हणून काय दिवे लावणार? त्याला उत्तर द्यायला हवे. सह्यांची मोहीम कामाच्या धडाडीची कसोटी आहे असे मानले, तरी प्रश्न असा की ती धडाडी कोणत्या कामाची? लग्नानंतर नाव बदलल्याची नोंद मतदाराने केली आहे की नाही, हे उमेदवाराच्या कार्यकर्त्याला दारात उभे राहून कळत नाही. ते कळण्यासाठी मतदारांच्या जुन्या नोंदवह्या घेऊन बसणारी माणसे आणि निवडणूक कायद्याचा वकील लागतो, म्हणजे पैसा लागतो. ही कसोटी लोकांशी असलेले नाते मोजत नाही, कचेरीतले बळ मोजते. शिवाय आक्षेप घेण्यावरच सगळे अवलंबून असले की ज्याला कोणाचीच भीती नाही त्याच्या सह्या कोणीच पाहत नाही. 2008 मध्ये इंडियाना राज्यात हेच झाले. अध्यक्षपदाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी तिथे प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून 500 सह्या लागत. सेंट जोसेफ काउंटीत ओबामा आणि हिलरी क्लिंटन या दोघांच्याही कागदांत पक्षाच्याच स्थानिक लोकांनी बनावट सह्या घुसवल्या होत्या. त्या वेळी कोणीही हरकत घेतली नाही, कागद मंजूर झाले, निवडणूक झाली, ओबामा अध्यक्षही झाले. खोटेपणा उजेडात आला तो 2011 मध्ये, एका विद्यार्थ्याने जुने कागद काढून पाहिल्यामुळे. 2013 मध्ये काउंटीच्या माजी पक्षाध्यक्षाला शिक्षा झाली. शिकागोत खऱ्या मतदारांच्या सह्या गेल्या आणि इंडियानात खोट्या राहिल्या. शिकागोत हरकत घेणारा होता, इंडियानात नव्हता.

यावर कोणी म्हणेल की राज्याने तपासायचे म्हणजे सत्ताधाऱ्याने तपासायचे. मिशिगनच्या निवडणूक विभागाच्या वर बसलेल्या सेक्रेटरी ऑफ स्टेट जोसेलिन बेन्सन स्वतः डेमोक्रॅट, आणि बाद झालेले पाचही रिपब्लिकन. हा संशय रास्त आहे, आणि अमेरिकेत निवडणूक अधिकारी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात तोवर तो राहणारच. पण पक्षपाताची भीती असेल तर नियम आधी लिहून ठेवावा, कागद सर्वांना पाहायला खुले ठेवावेत आणि अपिलाची सोय असावी. मिशिगनचा अहवाल कागदांच्या नमुन्यांसह प्रसिद्ध झाला. कोणालाही ते अक्षर पाहता येत होते. शिवाय त्या निर्णयानंतर रिंगणात उरलेल्या ट्यूडर डिक्सन यांच्या कागदांवर डेमोक्रॅटिक पक्षानेच आक्षेप घेतला होता आणि तो फेटाळला गेला. पुढे डिक्सनच रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये तत्कालीन डेमोक्रॅट गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्याकडून हरल्या.

राज्याऐवजी पक्षानेच तपासावे हा तिसरा मार्गही करून झाला आहे. व्हर्जिनियात 2012 च्या अध्यक्षीय प्राथमिक निवडणुकीसाठी 10 हजार सह्या आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान 400 अशी अट होती, आणि तपासणी राज्यातल्या रिपब्लिकन पक्षाकडे. पक्षाने ठरवले की 15 हजारांहून जास्त सह्या आणणाऱ्याच्या सह्या एकेक करून पाहायच्या नाहीत. मिट रॉम्नी त्या आकड्याच्या पुढे होते. न्यूट गिंग्रिच आणि रिक पेरी नव्हते, आणि ते दोघेही गळले. मतपत्रिकेवर रॉम्नी आणि रॉन पॉल एवढेच राहिले. गिंग्रिच यांनी नंतर सांगितले की पैसे देऊन नेमलेल्या एका माणसाने आपल्या कागदांत खोट्या सह्या भरल्या. पण ज्याने जास्त आणल्या त्याच्या पाहायच्याच नाहीत, हा नियम तर थेट बनावटीला बक्षीस देणारा आहे. एक सही तपासायची ठरली तर सगळ्यांची तपासावी, निदान सगळ्यांच्या ढिगातून चिठ्ठी टाकल्यासारखा नमुना काढून तपासावी. जनतेने सुचवलेल्या कायद्यांच्या सह्यांसाठी कॅलिफोर्निया तसेच करते: नमुन्यावरून अंदाज आवश्यक आकड्याच्या 95 टक्क्यांखाली आला तर प्रस्ताव बाद, 110 टक्क्यांवर गेला तर मंजूर, आणि मधल्या पट्ट्यात आला तर प्रत्येक सही मोजायची. उमेदवारांच्या सह्यांनाही असा नियम लावण्यात अडचण दिसत नाही.

मग पैसे देऊन सह्या गोळा करण्यावरच बंदी का घालू नये? कोलोरॅडोने घातली होती. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण लोकांकडे जाऊन राजकीय गोष्ट बोलणे हे भाषणस्वातंत्र्य आहे आणि त्यासाठी माणूस नेमणेही. गोळा करणारा त्याच राज्याचा नोंदणीकृत मतदार असावा, ही कोलोरॅडोची अटही त्याच न्यायालयाने 1999 मध्ये काढून टाकली. तरीही मिशिगनने तशी अट ठेवली होती, आणि तिचा तडाखा 2014 मध्ये जॉन कॉनियर्स यांना बसला. जवळजवळ पन्नास वर्षे काँग्रेसमध्ये असलेल्या माणसाला हजार सह्या जमत नाहीत याचे लोकांना हसू आले, पण सह्या खोट्या नव्हत्या. त्या गोळा करणाऱ्यांपैकी काहींची मतदार नोंदणी झालेली नव्हती. काउंटीच्या अधिकाऱ्याने त्यांना बाद केले आणि संघीय न्यायाधीशाने नाव पुन्हा मतपत्रिकेवर घातले. याच राज्यात दोन वर्षांपूर्वी, 2012 मध्ये, काँग्रेस सदस्य थॅडियस मकॉटर यांच्या कर्मचाऱ्यांनी जुन्या निवडणुकीच्या सह्यांच्या झेरॉक्स जोडून कागद भरले होते. हजाराची अट, वैध निघाल्या 244. एकाच राज्याने, एकाच पदासाठी या दोन गोष्टी एकाच कलमाखाली मोजाव्यात, याहून मोठा पुरावा माझ्या मुद्द्याला नको.

भारतात आपल्याला हा सगळा खटाटोप परका वाटतो, कारण इथे सह्या थोड्या आणि अनामत रक्कम मोठी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. लोकसभेसाठी 25 हजार आणि विधानसभेसाठी 10 हजार रुपये अनामत, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. पण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या, 1951 च्या, कलम 36 मध्ये एक शहाणपण आहे जे बऱ्याच अमेरिकी राज्यांकडे नाही. उमेदवाराची किंवा सूचकाची सही खरी नसेल तर अर्ज फेटाळता येतो. पण दोष भरीव स्वरूपाचा नसेल तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने अर्ज फेटाळू नये, असे तेच कलम सांगते. खोटी सही आणि चुकलेला कागद यांतला भेद इथे कायद्यातच आहे. तरीसुद्धा 2024 मध्ये सुरतमध्ये जे झाले ते झालेच. काँग्रेसचे उमेदवार निलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी, या सह्या आमच्या नव्हेत, अशी शपथपत्रे दिली. त्यांचे अर्ज गेले, पर्यायी उमेदवाराचाही त्याच कारणाने गेला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि 22 एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध विजयी घोषित झाले. सुरतेतल्या लाखो मतदारांना लोकसभेसाठी बोट शाईत बुडवायची वेळच आली नाही. सूचक एक-दोनच असले की एका माणसाने शब्द फिरवला तरी अर्ज कोसळतो. सह्या हजारोंनी मागितल्या की एकाच्या फिरण्याने काही बिघडत नाही, पण बनावटीचा बाजार भरतो. म्हणून सह्या सोडून सरळ अनामत घ्या, हे उत्तरही मला पटत नाही. पैशाची अट गरिबाला अडवते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की शुल्क न परवडणाऱ्याला दुसरा मार्ग ठेवलाच पाहिजे, आणि तो मार्ग म्हणजे पुन्हा सह्याच.

हस्ताक्षराची अडचण राहते, आणि ती वाढत जाणार. कचेरीत साठवलेली सही बरेचदा पाटीवर बोटाने किंवा प्लॅस्टिकच्या काडीने केलेली असते; कागदावर गुडघ्याचा टेकू घेऊन केलेली सही तिच्याशी जुळेलच असे नाही. म्हाताऱ्याचा हात थरथरतो, आणि जोडून लिहायला शाळेत न शिकलेल्या पिढीची सही अजून ठरलेलीच नसते. ॲरिझोनाने काही पदांसाठी ऑनलाइन सही करण्याची सोय केली आहे. तिथे मतदार आपली ओळख आधी पटवतो, मग सही करतो, आणि ती सही नोंदीला जुळते की नाही हा वाद उरतच नाही. कोरोनाच्या साथीत दारोदार फिरणे अशक्य झाले तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये सह्यांची अट निम्मी केली आणि इलेक्ट्रॉनिक सह्यांना परवानगी दिली. मिशिगनमध्येही संघीय न्यायालयात प्रकरण गेल्यावर त्या वर्षी आकडा निम्म्यावर आला. कागद पूर्ण सोडावा असे मात्र मी म्हणणार नाही. इंटरनेट नसलेला, इंग्रजी फॉर्मला बिचकणारा मतदारही मतदारच आहे, आणि संगणकाच्या यंत्रणेत झालेली बनावट मळक्या कागदाइतकी उघडी पडत नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. 2022 च्या प्रकरणात मिशिगनमध्ये सह्यांचे कागद देण्याची अखेरची तारीख 19 एप्रिल होती, अहवाल आला 23 मेला, प्राथमिक निवडणूक 2 ऑगस्टला, आणि परदेशातल्या सैनिकांना मतपत्रिका निवडणुकीच्या 45 दिवस आधी पाठवाव्या लागतात. म्हणजे हजारो सह्यांचा निवाडा, मंडळाची बैठक आणि न्यायालयाच्या फेऱ्या या सगळ्यांना मिळून जेमतेम दोन महिने. इतक्या थोड्या दिवसांत चुकलेल्या मतदाराला पत्र लिहून, तुमची तारीख राहिली, ती भरून द्या, असे सांगायला कोणालाही सवड मिळणार नाही. हा खर्चाचा प्रश्न आहे असे म्हटले जाते, आणि तो आहेच. पण 15 हजार सह्या मागण्याचा निर्णय राज्याने घेतला आहे, तर त्या वाचण्याचा खर्च त्याच्या अंदाजपत्रकात असायला हवा. कागद टप्प्याटप्प्याने घ्यावेत, आलेला गठ्ठा तेव्हाच तपासावा, चुकलेल्या ओळीसाठी मतदाराला दुरुस्तीची संधी द्यावी आणि एखादा गोळा करणारा खोटा निघाला तर उमेदवाराला तिथल्या तिथे कळवावे. क्रेग आणि जॉन्सन यांना हे फेब्रुवारीत कळले असते तर त्यांनी तो माणूस काढला असता किंवा नवे कागद फिरवले असते, आणि निर्णय मेमध्ये चार जणांच्या मंडळाऐवजी ऑगस्टमध्ये मतदारांनी केला असता. हे काल्पनिक नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरपदासाठी 10 हजार सह्या लागतात, आणि ते कागद राज्याकडे जाण्याआधी प्रत्येक गावाच्या मतदार नोंदणी कचेरीकडे न्यावे लागतात. तिथे सही नोंदीशी पडताळली जाते, आणि राजधानीत दाखल होतात ते प्रमाणित कागद.